करवत थांबायच्या आधी

पत्रेकाकांच्या दुकानाची मागची भिंत आणि शाळेच्या मागच्या बोळाची भिंत एकच होती. भिंतीच्या अलीकडे काका पत्र्याच्या ट्रंका, डबे आणि धान्याच्या कोठ्या बनवायचे. पलीकडे, शाळा सुटल्यावर, त्यांची बायको पोरांना पळवायची. ती त्या शाळेत पीटीची बाई होती. सगळे तिला बाई म्हणायचे, म्हणून काकाही चेष्टेने बाई म्हणायला लागले आणि तेच तोंडात बसलं.

शाळेला मैदान नव्हतं. चार मजल्यांची उभी इमारत, पुढे ट्रकचा रस्ता, एका बाजूला लोखंडाची गोदामं, दुसऱ्या बाजूला लाकूड कापायची गिरणी. मोकळी जागा म्हणाल तर मागचा तो लांबट बोळ. एका टोकाला शाळेची भिंत, दुसऱ्या टोकाला काकांची. दुसरी कुणी असती तर तिने तिथे कॅरम मांडून दिला असता. बाई नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हसत घरी आल्या.

"अहो, पळायला जागा मिळाली."

"त्या बोळात? तिथे पोरगं पळायला लागलं की लगेच भिंत येणार."

"येऊ दे की. भिंतीला हात लावायचा आणि परत फिरायचं."

त्यांच्या डोक्यात दरवर्षीची चाचणी होती. शहरातल्या सगळ्या शाळांची आठवी-नववीची मुलं एका ठिकाणी जमायची आणि त्यांची तंदुरुस्ती मोजली जायची. जमिनीवर दोन रेघा मारायच्या. यंत्रातून आवाज आला की एका रेघेवरून दुसरीवर पळायचं, पुढचा आवाज यायच्या आत पोचायचं. आवाज आधी सावकाश येतात, मग जवळजवळ यायला लागतात. ज्याला पोचता येत नाही तो बाहेर. त्या दोन रेघांमधलं अंतर आणि या दोन भिंतींमधलं अंतर जवळपास सारखंच आहे, हे बाईंनी हेरलं होतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी काकांची भिंत वाजायची. गिरणीची करवत चालू असेपर्यंत कुणाला काही ऐकू यायचं नाही. गिऱ्हाइकाशीसुद्धा खुणांनी बोलावं लागायचं. करवत थांबली की पलीकडून बाईंची शिट्टी यायची, आणि शिट्टीमागे भिंतीवर पोरांचे तळवे. धप्, धप्, धप्. खिळ्यांना टांगलेली पत्र्याची मापं किणकिणायची. काकांचा लाकडी हातोडाही नकळत त्याच चालीत पडायचा. त्या चालीत त्यांनी कितीतरी ट्रंकांच्या कडा मुडपल्या. बोळात जाऊन बघायची मात्र कधी वेळ आली नाही. कशाला जायचं? भिंत सगळं सांगत होती.

मग बाई गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं, आणि काका एकटे परत आले.

दुकान उघडलं, काम सुरू झालं. करवत रोजच्या वेळेला थांबायची आणि मग जी शांतता यायची, ती काकांना सहन व्हायची नाही. हातोडा उचललेला तसाच हातात राहायचा.

"दाजी, ती कड अर्धीच मुडपली आहे," मेव्हणा म्हणायचा. हा बाईंचा धाकटा भाऊ, दुकानात सांध्यांना कथलाचा डाग द्यायचं काम करायचा. त्यालाही ती शांतता कळत होती, पण तो तोंडाने कधी बोलला नाही. तो त्या वेळेला मुद्दाम काहीतरी खाली पाडायचा.

दोन महिन्यांनी एक मुलगी दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. नववीतली, काटकुळी, आवाज मात्र असा की करवत चालू असतानाही ऐकू जाईल. शाळेत तिला तोफ म्हणायचे. तिच्यामागे एक गुबगुबीत पोरगा होता. तो बुटका आणि गोल, म्हणून बटण.

"काका, बाईंची शिट्टी द्याल का?"

काकांनी कात्री खाली ठेवली. शिट्टी घरी होती, दाराजवळच्या खिळ्याला. तिची दोरी बाईंच्या मानेच्या घामाने काळी पडली होती. काकांनी ती अजून हलवली नव्हती.

"कशाला पाहिजे?"

"आमचं आम्ही पळणार आहोत. पण शाळा सुटली की शिपाई बोळाचं फाटक लावतो. मोठ्या बाई म्हणतात, कुणी मोठं माणूस असल्याशिवाय आत सोडणार नाही. म्हटलं, निदान शिट्टी घेऊन जावी, म्हणजे त्यांना वाटेल काहीतरी सोय आहे."

"शिट्टी काय मोठं माणूस आहे?"

"तेच मी हिला म्हणालो," बटण म्हणाला. तो बोलताना धापा टाकत होता.

"याला काय झालं?"

"काही नाही, वर्गातून खाली उतरलाय," तोफ म्हणाली. "बाई होत्या तेव्हा हा चौथ्या मजल्यावर दप्तर घेऊन पळत जायचा. आता तिसऱ्यावर बसून घेतो. सगळ्यांचं तेच चाललंय. शाळा सुटली की मोबाईल काढून जिन्यावर बसायचं, नाहीतर शिकवणीला जायचं आणि तिथे बसायचं."

मेव्हणा पाठ वळवून डाग देत होता. तसाच म्हणाला, "दाजी, मोठं माणूस पाहिजे म्हणतात. तुम्ही काही बुटके नाही."

दुसऱ्या दिवशी काका धुतलेला शर्ट घालून मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग त्या स्पष्टच बोलल्या.

"तुम्ही उभे राहणार असाल तर मी फाटक उघडं ठेवीन. पण पालक माझ्या मागे लागलेत की त्या तासाला गणिताची शिकवणी ठेवा. मी त्यांना चाचणीपर्यंत थांबा म्हटलंय. पोरं मागच्या वर्षीच्या खाली आली, तर मला काही बोलता येणार नाही. तो तास मग शिकवणीला जाईल."

"आणि खाली नाही आली तर?"

"तर तास तुमचा. पण काका, तुम्हाला व्यायामातलं काही कळतं का?"

"काही नाही," काका म्हणाले. "चाल तेवढी कळते."

शिट्टी त्यांनी खिळ्यावरच राहू दिली. जी तिच्या तोंडात असायची ती आपल्या तोंडात घालायला त्यांचं मन होईना. त्याऐवजी त्यांनी दुकानातला एक रिकामा चौकोनी डबा आणि आपला लाकडी हातोडा घेतला. करवत थांबली तसे ते फाटकातून बोळात गेले.

आणि पहिल्यांदाच त्यांनी आपली भिंत पलीकडून पाहिली. तिच्यावर छातीच्या उंचीला एक रुंद काळपट पट्टा होता. हजारो तळव्यांनी उठवलेला. शाळेने सगळीकडे रंग दिला होता, तेवढा पट्टा सोडून.

"रंगारी आले होते," तोफ म्हणाली. "बाईंनी त्यांना या भिंतीला हात लावू दिला नाही."

काकांनी त्या पट्ट्यावर आपला तळवा टेकवला. मग त्यांनी डबा उलटा ठेवला आणि हातोडा घातला.

ठण्.

त्यांना विचार करावा लागला नाही. वर्षानुवर्षं हातात भिनलेली चाल होती, तीच त्यांनी वाजवली. पोरं दोन ओळींत सुटली. भिंतीला धप्, वळून परत, दुसरीला धप्. पहिल्या दिवशी लगेच धापा लागल्या. कुणी गुडघे धरून उभं राहिलं, बटण तर खालीच बसला. काकांना वाईट वाटलं, पण चाल ढिली करावी हे त्यांना सुचलंच नाही. त्यांच्या लेखी बाईंची चाल एकच होती. करवत थांबली की तीच सुरू व्हायची.

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. तोफ काहीतरी बोलणार होती. मग तिने काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गप्प बसली. तोफ गप्प बसली, ही त्या दिवशीची मोठी गोष्ट होती. पण काकांना ती कळली नाही.

पुढच्या आठवड्यापासून एक गंमत व्हायला लागली. काका बोळात यायचे तेव्हा पोरं आधीच घामाने चिंब असायची. काकांना वाटायचं, वर्गात पंखे नसतील. पण आता ती चालीला टिकायला लागली होती. रोज थोडी जास्त. काका एका जागी उभे राहून ठण् ठण् करायचे आणि मधूनच ओरडायचे. व्यायामातले शब्द त्यांना येत नव्हते, मग ते दुकानातलेच वापरायचे.

"वळताना ताठ राहू नका रे! पत्रा मुडपताना आधी वाकतो. कंबर वाकवा!"

"काका, आम्ही पत्रा नाही," बटण ओरडायचा.

"तू तर कोठी आहेस. चल, पळ!"

आणि बटण हसत पळायचा. हसायला दम उरतोय, म्हणजे बरं चाललंय, एवढा हिशेब काकांना जमत होता.

अलीकडे दुकानात मेव्हणा डाग द्यायचा थांबून भिंतीकडे बघत बसायचा. मापं परत किणकिणायला लागली होती.

चाचणी त्या वर्षी शहराबाहेरच्या मोठ्या शाळेत होती. फाटकातून आत गेल्यावर काकांची पोरं बोलायचीच थांबली. एवढी हिरवळ. झाडांच्या रांगा. लांबवर पसरलेलं मैदान, त्याच्याभोवती पळायचा लाल रस्ता. तिथल्या मुलांचे बूट सगळ्यांचे सारखे, नवे. काकांच्या पोरांपैकी निम्म्यांच्या बुटांना काकांनीच दुकानातल्या सुतळीने टाके घातले होते.

"आली रे, डबा शाळा आली!" कुणीतरी ओरडलं. काकांच्या काखेत तो चौकोनी डबा होता. सवयीने आणला होता, काही कारण नव्हतं.

"डबा आमचा," तोफ तिथूनच गरजली, "झाकण तुमच्यावर बसवते, थांबा!"

पलीकडची मुलंसुद्धा हसली.

चाचणी घेणारे सर गळ्यात कागद लावलेली पाटी अडकवलेले, शांत गृहस्थ होते. त्यांनी हिरवळीवर दोन पांढऱ्या रेघा दाखवल्या, नियम सांगितले आणि यंत्र सुरू केलं.

पहिला आवाज झाला, आणि काकांच्या पोरांनी अशी धूम ठोकली की बाकीच्या शाळांची मुलं अर्ध्यावर असताना ही समोरच्या रेघेवर. आणि तिथे पोचल्यावर सगळ्यांनी एकदम तळहात पुढे केले. भिंतीसाठी. भिंत नव्हतीच. हात हवेत गेले, एक-दोघं पुढे भेलकांडली, आणि बटण तर सरळ हिरवळीवर आडवा झाला.

मैदानभर हशा पिकला.

"अरे, घाई कसली?" सर म्हणाले. "आवाजाची वाट बघा. अजून किती सावकाश आहे."

पोरं रेघेवर उभी राहून वाट बघायला लागली. आवाज यायचा, ती भर्रकन पलीकडे, पुन्हा ताटकळत उभी. हात पुन्हा पुढे जायचे, पुन्हा आखडायचे. काका कडेला उभे होते. यंत्राचा आवाज इतका सावकाश येत होता की त्यांना आधी यंत्रच बिघडलंय असं वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, सगळ्या शाळांची मुलं त्या आवाजावर आरामात पळतायत. बिघडलेलं यंत्र नव्हतं. आपली चाल चुकीची होती. आपण पोरांना काहीतरी भलतंच शिकवलं. आता ही दमणार, आधी बाहेर पडणार, आणि तास शिकवणीला जाणार. बाईंचा तास. त्यांनी डबा घट्ट धरला. ते बाकाच्या कडेवर टेकले.

आवाज जवळजवळ यायला लागले. एकेक मूल कडेला येऊन बसायला लागलं, हात कमरेवर, तोंडं लाल. नव्या बुटांची एक रांगच्या रांग बसली. त्यांच्या शाळेचे पीटीचे सर काकांच्या शेजारी येऊन टेकले.

"एवढं मैदान," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पण घंटा झाली की गाड्या फाटकात उभ्याच असतात. घंटेनंतर इथे चिमणी नसते हो."

काकांनी नुसती मान हलवली. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. त्यांचा उजवा हात आपोआप मांडीवर पडायला लागला होता. टप्, टप्, टप्. यंत्राचा आवाज आणि हात एकाच वेळी पडत होते. ही ती चाल होती. दुकानात भिंतीतून येणारी, ट्रंकांच्या कडांमध्ये मुरलेली, बाईंची.

आणि पोरांनाही ती कळली. त्यांचे खांदे सैल झाले. आता कुणी ताटकळत नव्हतं, कुणी भेलकांडत नव्हतं. ती रेघेवर वाकायची, कंबर वळवायची, तळहात हवेत एकदा टेकवून आल्या वाटेने निघायची. जणू घरी आल्यासारखी. बाकीच्या शाळांची गळती चालू होती आणि काकांची पोरं नुकती कुठे सुरू झाली होती.

बटण मागच्या वर्षी जिथे बाहेर पडला होता ते ठिकाण मागे गेलं. बटण पळतच होता. तोंड उघडं, गाल हलतायत, पण पळतोय. शेवटी तो बाहेर आला तेव्हा चालत आला, बसला नाही. काकांसमोर उभा राहून म्हणाला, "कोठी भरली, काका."

"शाबास," काका म्हणाले.

शेवटी दोघं उरली. तोफ आणि त्या मोठ्या शाळेतला एक उंच मुलगा. तो खरा पळणारा होता, हरणासारखा. तोफ आवाजाच्या मागे पडली, बाहेर आली, आणि वाकून श्वास घेता घेता तिने त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. तिला पाहून बाकीची डबा शाळा वाजवायला लागली. मग सगळं मैदान.

सरांनी पाटीवरचे आकडे दोनदा पाहिले.

"काय हो, तुमची शाळा मागच्या वर्षीच्या पुष्कळ वर गेलीय. सगळीच्या सगळी. एखादं मूल चमकतं ते ठीक, पण तुमच्याकडे मागे कुणी राहिलंच नाही." त्यांनी चष्मा वर केला. "मैदान केवढं आहे तुमच्याकडे?"

"मैदान नाही, साहेब. दोन भिंती आहेत."

"आणि शिकवतं कोण?"

काका उठून उभे राहिले. काखेतला डबा सरळ केला.

"माझी बायको," ते म्हणाले.

सरांना वाटलं असेल, ती कुठेतरी जवळच असेल. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या शाळेकडे गेले.

परतताना बसमध्ये पोरं गात होती, भांडत होती, एकमेकांच्या बाटल्या पळवत होती. तोफ काकांच्या शेजारी येऊन बसली.

"काका, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"आज? आज तू माझं दुकान जाळलंस तरी रागावणार नाही."

"बाई आधी सावकाश पळवायच्या. त्या यंत्रासारखंच. मग हळूहळू वाढवायच्या. तुम्ही पहिल्या दिवसापासून मधल्या वेगानेच सुरू केलंत."

काका तिच्याकडे वळले. "असं कसं? मी रोज ऐकायचो. करवत थांबली की शिट्टी—"

"करवत चालू असताना शिट्टी ऐकूच यायची नाही ना! म्हणून तोवर बाई हाताने खूण करायच्या. हात वर गेला की पळायचं. अर्धा तास असाच जायचा. करवत थांबली की मग शिट्टी. तोपर्यंत चाल वाढलेली असायची."

काकांना सगळं एकदम दिसलं. भिंतीच्या अलीकडे आपण करवतीला शिव्या देत गिऱ्हाइकाला खुणा करतोय. पलीकडे, त्याच वेळी, बाईसुद्धा खुणाच करतायत. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघांचे हात हलतायत. त्यांना हसू आलं. मग डोळे पुसावे लागले.

"मग मला सांगितलं का नाही, पोरी? एकदम तसं पळून पाय मोडला असता एखाद्याचा."

"म्हणून तर आम्ही जिने चढायचो," मागून बटण म्हणाला. तो सगळं ऐकत होता. "तुम्ही यायच्या आधी. खालून गच्चीपर्यंत, आधी चालत, मग जरा जोरात. तोफ वरच्या पायरीवर उभी राहून हात वर करायची."

"घाम," काका म्हणाले. "मला वाटलं, वर्गात पंखे नाहीत."

"पंखे आहेत, काका," तोफ म्हणाली. "पण तुम्हाला सांगितलं असतं ना, तर तुम्ही म्हणाला असता, मला येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी आला नसता."

ते खरं होतं. त्यांनी मागे वळून बसभर नजर फिरवली. ही पोरं. भर उन्हाळ्यात रोज गच्चीपर्यंत चढली, उतरली, एक म्हातारा आपल्या बायकोची चाल वाजवतोय ती त्याला वाजवू द्यावी म्हणून. आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. काकांनी आयुष्यात पुष्कळ जोड पाहिले होते, डागाचे, खिळ्याचे. असा जोड पाहिला नव्हता.

शाळेजवळ उतरल्यावर मोठ्या बाई फाटकातच उभ्या होत्या. चाचणीच्या सरांचा फोन आधीच आला होता. त्यांनी काकांना काही विचारलं नाही. शिपायाकडून बोळाच्या फाटकाची किल्ली घेतली आणि काकांच्या हातात ठेवली.

"पालकांचं काय?" काका म्हणाले.

"पालकांना मी बघते. गणित सकाळीही शिकता येतं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तेव्हा गिरणी जोरात चालू होती. काकांनी हातोडा खाली ठेवला आणि एप्रन काढला.

"दाजी, अजून करवत थांबली नाही!" मेव्हणा कानाशी येऊन ओरडला.

काकांनी हाताने खूण केली. माहीत आहे, म्हणून.

किल्लीने फाटक उघडून ते बोळात आले. पोरं जिन्याकडे निघाली होती, ती त्यांना पाहून थबकली. करवतीच्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. काकांनी तोफेला जवळ बोलावलं आणि आधी आपला उजवा हात दाखवला, मग डावा, आणि भुवया वर केल्या. कुठला?

तोफेने त्यांच्या डाव्या हाताला बोट लावलं. मग स्वतःचा उजवा हात तोंडाशी नेऊन शिट्टी धरल्यासारखं केलं. उजव्यात शिट्टी असायची.

पोरं ओळीत उभी राहिली. काकांच्या छातीवर काळी पडलेली दोरी होती, सकाळीच खिळ्यावरून काढलेली. ती वाजवायला अजून वेळ होता. त्यांनी ताठ उभं राहून डावा हात वर केला, सावकाश, बाई करत असतील तसा, आणि पोरं त्यांच्या भिंतीकडे निघाली.